अॅम्बेसेडरचं डिफ्रेन्शियल उघडताना

जुनी अॅम्बेसेडर मागून रडायला लागली की लगेच डिफ्रेन्शियलचा (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचा) नवा क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, आणू नका. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलतो? मग दोष दातांचा असण्याची शक्यता जास्त. एकसारखी घरघर येत असेल तर आधी बेअरिंगांवर संशय घ्या. गाडी हलताना नुसता ‘खट्’ होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे (ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, तपासा, स्वस्तात सुटाल.

खोलण्याआधी दोन्ही बेअरिंग कॅपवर (बेअरिंग धरणाऱ्या पट्ट्यांवर) पंचने खुणा करा. डावी-उजवी बदलली तर काम वाया. क्राऊन आणि टेल पिनियन (तोच छोटा गिअर) जोडीनेच बदलायचे, दोघांवर कोरलेला नंबर जुळवून. बाजारात सुटे मिळतात, पण घेऊ नका.

खरी कसोटी शिम, म्हणजे गिअरची जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या, लावताना. क्राऊनच्या काही दातांना मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावा, हाताने थोडा अडवून फिरवा आणि ठसा बघा. तो दाताच्या मधोमध हवा. दाताच्या माथ्याकडे उमटला तर पिनियन क्राऊनच्या जवळ घ्या, मुळाशी उमटला तर दूर. मग डायल गेजने बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजा. आकडा मॅन्युअलचा किंवा क्राऊनवर कोरलेला. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे चहा पाजा आणि गेज मागा. पिनियनचा प्रीलोड (त्याच्या बेअरिंगांवर आधीच दिलेला ताण) ऑइल सील बसवण्याआधी तपासायचा, कारण सीलच्या घर्षणाने माप फसतं.

ऑइल हायपॉइड गिअरचंच (अशा क्राऊन-पिनियनसाठीचं), ईपी ९०, म्हणजे जास्त दाब सोसणारं. पहिले काही दिवस गाडी ताणू नका, जड ओझंही नको.