कथेत सस्पेन्स येत नव्हता, कसा आणला (माझा अनुभव)

दिवाळी अंकासाठी कथा लिहीत होते, आजीच्या घरी गॅस लीक होतो आणि शेवटी एकदम स्फोट, तर बहीण वाचून म्हणाली धक्का बसला गं पण भीती अशी वाटलीच नाही. चार दिवस तेच डोक्यात. मग सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आठवलं: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण तो आहे हे आधीच माहीत असेल तर १५ मिनिटं जीव टांगणीला.

म्हणून गळकी नळी शेवटातून उचलून पहिल्याच परिच्छेदात आणली. वाचकाला माहीत, आजीला नाही, तिला सर्दीमुळे वास येत नाही. आता ती देवापाशी वाती वळत बसलीये, काडेपेटी सापडत नाहीये, सापडते तोच मुलाचा फोन, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का... हा फोन मी मुद्दाम लांबवला, सगळा जीव तिथेच आहे. पहिली काडी सादळलेली. तिथून वाक्यं तोडली, तीन-तीन शब्दांची. स्फोट तर काढूनच टाकला.

परवा बहिणीला परत दिली, दुसऱ्याच पानावर म्हणाली, अगं त्या आजीला कुणीतरी सांगा ना!