डग्लस यांच्या आत्मचरित्रातून इंग्रजी शब्द कसे शिकावेत

फ्रेडरिक डग्लस अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मले आणि ३ सप्टेंबर १८३८ रोजी तिथून निसटले. त्यांचं पहिलं आत्मचरित्र १८४५ साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं. अकरा प्रकरणं आणि एक पुरवणी, एवढंच ते आहे, आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतं. १८५५ आणि १८८१ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य पुन्हा विस्ताराने लिहिलं, पण ती पुस्तकं नंतरसाठी ठेवा.

सुरुवात सातव्या प्रकरणापासून करा. आरंभीची, गुलामीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना सरळ ओलांडा. तिच्यातलं सभा गाजवणारं इंग्रजी पाहून नवा वाचक दोन पानांतच पुस्तक मिटतो. पहिल्या प्रकरणात फटक्यांचं अंगावर येणारं वर्णन आहे, त्यामुळे मुलांबरोबर वाचत असाल तर ते आधी स्वतः वाचून घ्या. सातवं प्रकरण मात्र अक्षरओळखीचंच आहे. बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि त्याच्या बदल्यात वाचन शिकायचं, हा डग्लस यांचा उद्योग तिथे सविस्तर येतो.

पहिलं वाचन न थांबता करा. पेन्सिल हातात असू द्या, शब्दकोश नको. अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि पुढे चला. प्रकरण संपल्यावर रेघा पाहा. त्यातल्या कितीतरी शब्दांचा अर्थ पुढच्या परिच्छेदात आपोआप लागलेला असतो. उरलेल्यांपैकी जे पुन्हा पुन्हा आले तेवढेच वहीत घ्या. सगळे उतरवायला गेलात तर वही भरेल आणि पुस्तक राहून जाईल.

शब्द वर्णानुक्रमे लिहू नका, ते ज्या जगातले आहेत त्याप्रमाणे लावा. शेत, घर, कायदा, चर्च, जहाजाची गोदी अशी पानं करा. दुसरं प्रकरण शेतीच्या पानासाठी उत्तम. तिथला ‘ओव्हरसियर’ म्हणजे आपल्याकडचा मुकादम, फक्त हातात चाबूक असलेला. ‘अलाउन्स’ला शाळेत आपण भत्ता म्हणतो, इथे तो महिन्याचा शिधा आहे: मोठ्या माणसाला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल (धान्य मोजायचं माप) मक्याचं पीठ. पाचव्या प्रकरणात ‘मश’ आणि ‘ट्रफ’ भेटतात. मक्याच्या भरड पिठाचा घाटा लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवत आणि मुलं त्यावर तुटून पडत, कुणी शिंपल्याने, कुणी नुसत्या हाताने. हे वाचलं की ‘ट्रफ’ पाठ करावा लागत नाही.

ओळखीच्या शब्दांवर जास्त संशय घ्या. खरी मेख इथे आहे. अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो, ओळखीचा चुकीच्या अर्थाने वाचून पुढे जातो. गुलामांच्या गाण्यांना डग्लस ‘रूड’ म्हणतात. ती गाणी उद्धट नव्हती, ओबडधोबड होती. ‘वाँट ऑफ बेड्स’ म्हणजे बिछान्यांची इच्छा नव्हे, त्यांचा अभाव. आणि लगेच ते सांगतात की बिछान्यापेक्षा झोपेला वेळ नसणं जास्त जाचायचं. ‘कॉर्न’ तिकडे मकाच. अशा शब्दांसाठी नोआ वेब्स्टरचा १८२८ चा शब्दकोश ऑनलाइन उघडा. तो त्याच काळातला आणि त्याच देशातला आहे.

शब्दकोशातला अर्थ अपुरा वाटला तर वाक्य जमवा. ही रीत डग्लस यांचीच. एखादा गुलाम पळाला किंवा कुणी कोठाराला आग लावली की गोरी माणसं म्हणत, हे ‘अबॉलिशन’चं फळ. डग्लस यांनी शब्दकोश पाहिला तर तिथे एवढंच: रद्द करण्याची क्रिया. काय रद्द करायचं? विचारायची सोय नव्हती. शेवटी हाती आलेल्या एका वर्तमानपत्रात बातमी होती की उत्तरेकडून गुलामी आणि राज्याराज्यांतला गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी अर्ज येत आहेत, आणि तेव्हा शब्द उलगडला. तुम्हीही वहीत शब्दासमोर नुसता प्रतिशब्द लिहू नका, तो जिथे जिथे आला ती दोन-तीन वाक्यं उतरवा. मराठी प्रतिशब्दाला अडलात तर महात्मा फुले यांच्याकडे वळा. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच अर्पण केली आहे, आणि ‘बाँडेज’साठी त्यांचा ‘दास्यत्व’ हा शब्द अजूनही चपखल बसतो.

हाताने लिहा. गोदीतले सुतार लाकडावर ते जहाजाच्या कोणत्या बाजूचं ते दाखवणारी अक्षरं काढत. त्या चार अक्षरांवरून डग्लस लिहायला शिकले. कुंपण, विटांची भिंत आणि फरसबंदी हीच त्यांची वही होती. आपल्याला इतकं हुशार व्हायची गरज नाही. रोज एक परिच्छेद नकलून काढा, दुसऱ्या दिवशी तोच आठवून आपल्या इंग्रजीत लिहा आणि मूळाशी ताडून पाहा.

काही शब्द मात्र फक्त ओळखायचे, वापरायचे नाहीत. कृष्णवर्णीयांसाठीच्या शिव्या पुस्तकात जशाच्या तशा आहेत, कारण मालक तसंच बोलत. वहीत त्यांच्यापुढे फुली मारून ठेवा.

अकरावं प्रकरण झालं की हॅरिएट जेकब्ज यांचं १८६१ मधलं आत्मचरित्र घ्या. गुलामीतून सुटण्यासाठी त्या जवळजवळ सात वर्षं आजीच्या घराच्या माळ्यावर लपून राहिल्या होत्या. शेताच्या आणि कायद्याच्या पानांवरचे बरेच शब्द तिथे पुन्हा भेटतील. नवं पान उघडावं लागेल ते घरातल्या बायकांच्या जगाचं, जे डग्लस यांच्याकडे फार थोडं आहे.