टेम्प्लेट करण्याआधी मशीन-आयडी पुसा

प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू सर्व्हरचं एकच व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नीट बसवायचं, त्याचं टेम्प्लेट म्हणजे साचा करायचा आणि वर्गासाठी तीस लिंक्ड क्लोन (टेम्प्लेटचीच डिस्क वापरणाऱ्या प्रती) काढायचे, हा लॅबचा सोपा मार्ग. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलं एकमेकांच्या मशीनवर लॉगिन होतात. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे पत्ते) वेगळे, तरी आयपी एकच! कारण उबुंटू सर्व्हर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला आपली ओळख मशीन-आयडीवरून (प्रत्येक मशीनचा वेगळा असायला हवा असा क्रमांक) सांगतो, आणि ती क्लोनमध्ये जशीच्या तशी उतरते. म्हणून टेम्प्लेटआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडीची फाइल (/etc/machine-id) रिकामी करा. डिलीट नको, फक्त शून्य बाइट. मग व्हीएम लगेच बंद. ‘एकदा बघू तरी’ म्हणून पुन्हा चालू केलंत (मी केलंय) की नवी आयडी तयार होते आणि सगळं मुसळ केरात.