साइट दाखवायच्या आधी

दलालीत नव्यानं उतरलेल्या पोरांना मी आधी विचारतो, नोंदणीचा नंबर आला का? महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर २०१६च्या रेरा कायद्यानुसार एजंटाचीही नोंदणी लागते. नसली तर दिवसाला १० हजार दंड, तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. आता प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे, म्हणून मोसम सुरू व्हायच्या आत ते उरका.

मग प्रकल्पाचा नंबर. तो महारेराच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, ब्रोशरवर छापलाय म्हणून भागत नाही. "नंबर येतोय, तोवर बुकिंग घेत राहा," असं बिल्डर म्हणाला तर चहा प्या अन् उठा. बिननोंदणीचा प्रकल्प विकायला हातभार लावणं एजंटाला कायद्यानंच बंद आहे.

खरा घोळ आपल्या दलालीचा. मराठवाड्यात अजून "दोन टक्के धरा की" एवढ्यावर सौदे होतात. महारेरानं टक्का ठरवून दिलेला नाही, त्यामुळं कागदावर नसलेला टक्का म्हणजे हवाच. जालना रोडवरचा एक व्यवहार मी सहा महिने पळून जुळवला. खरेदीखताच्या दिवशी मालक म्हणे, गिऱ्हाईक तर माझ्याच ओळखीचं होतं. तेव्हापासून साइट दाखवण्याआधीच एक पान सही करून घेतो: कोणती मालमत्ता, कोणाकडून किती, पैसे बयाण्याला की रजिस्ट्रीला, मुदत किती, अन् मुदतीत मी आणलेल्या माणसानं नंतर परस्पर घेतलं तर काय. जुन्या घराच्या विक्रीत तर रेरा नाहीच, तिथं हेच पान तुमचा आधार.

गिऱ्हाइकाकडून किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घ्यायचे तर आधी साठेखत (विक्रीचा करार) लेखी आणि नोंदवलेलं हवं. ३० लाखांच्या फ्लॅटला ३ लाख ही हद्द. बिल्डरला घाई असते, तुम्ही करू नका. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) कागदावर आहे ना, पार्किंग नेमकं कोणतं, एवढं वाचून दाखवा.

जमिनीच्या सौद्यात सातबारावर वर्ग-२ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला की थांबा, इनामाची असेल तर वकिलाकडं जा. हिशेबाची वही रोजच्या रोज लिहा, तीही कायद्यानंच ठेवायची असते.