एक किलो मटण, आठ ताटं

कोल्हापूर-सांगलीकडे एक किलो मटणात आठ माणसं पोटभर जेवतात आणि कमी पडल्याची कुणाची कुरकुर नसते. फोडी मोजक्या, रस्सा मात्र वाटीवर वाटी. सोबत भाकरी आणि शेवटी भात. हिशेब करून बघा: हाडासकट किलोभरात निव्वळ मांस साधारण ७०० ग्रॅम. ते शिजून ५०० च्या आत येतं, म्हणजे माणशी ६० ग्रॅमच्या आसपास. लाल मांस आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर नको, असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो. त्यात हे सहज बसतं. सॉसेज-सलामीचं खातं वेगळं. प्रक्रिया केलेलं मांस २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत थेट कर्करोगकारक म्हणून आहे.

दुकानात

आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक वेळा बोकड. मेंढीचंही विकलं जातं आणि त्यात वाईट काही नाही, पण पैसे बोकडाचे देताना बोकडच मिळावा. टांगलेल्या धडाला शेपूट ठेवलेली असते ती बघा. बोकडाची आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी. नर असल्याची खूणही चांगला खाटीक काढून टाकत नाही.

रश्श्याला आठ ते बारा किलोचं धड उत्तम. बरगड्या बारीक, मांस गुलाबीकडे झुकणारं लाल, चरबी पांढरी. मांस काळपट आणि चरबी पिवळट दिसली की जनावर जून. मग रस्सा चविष्ट होईल, पण शिजायला दीडपट वेळ धरा. बोटाने दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. हाताला चिकट लागलं तर वजन करायच्या आधीच पुढचं दुकान गाठा. सोमवार-गुरुवार पाळणारी घरं बरीच असल्याने खप मुख्यतः बुध, शुक्र, रवि. मधल्या वारी आणलेलं मटण आदल्या दिवशीचं उरलेलं तर नाही ना, हे विचारायला लाजू नका. गटारीला आणि धुळवडीला तर रांगेत उभं राहून निवड करताच येत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मनासारखं मिळतं.

शहरात धडावर कत्तलखान्याचा शिक्का असतो, तो दाखवायला सांगा. कत्तलखान्यांना २००१ चे नियम लागू आहेत. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा एवढ्या लहान पिल्लाची आई कापायची नाही. पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय कापायचं नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. हे पाळलं जाण्यात गिऱ्हाइकाचाही मतलब आहे. दमवलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर आधीच संपते, त्यामुळे मांस काळं, कोरडं राहतं आणि लवकर खराब होतं.

‘एक किलो मिक्स द्या’ म्हणून मोबाइल बघत उभं राहिलात तर मिक्समध्ये काय येईल ते खाटकाच्या मर्जीवर. त्याऐवजी असं सांगा: मांडी ३०० ग्रॅम, खांदा ३००, सीना (छाती) आणि चाप (बरगड्या) मिळून ३००, दोन नळ्या. फोडी दीड इंचाच्या. त्याहून लहान केल्या तर रश्श्यात विरून जातात. निव्वळ मांडी घेणं हा हौशी माणसाचा नेहमीचा घोटाळा. मांडीत मांस भरपूर, पण रश्श्याला अंग येतं ते हाड आणि सीन्यातल्या चिवट पडद्यांमुळे. कलेजी हवी तर वेगळी घ्या आणि वेगळीच शिजवा, पाच-सहा मिनिटांच्या वर नको, नाहीतर खडू होते. गरोदर बाईला मात्र कलेजी वाढू नका, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

घरी आणल्यावर

कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि त्या अवस्थेत शिजवलेलं मटण तासन् तास वातडच राहतं. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी आणून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नव्हे. कोमट मटण एकदम गोठवलं की आणखी आखडतं. बाहेर दोन तासांच्या वर राहू देऊ नका. धुवायचं ते पातेल्यात पाणी घेऊन एकदा-दोनदा, धो-धो नळाखाली नको. धुतल्याने जंतू मरत नाहीत, फक्त ओट्यावर उडतात.

आळणी

आळणी म्हणजे तिखट-मसाला न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सगळं जेवण यावर उभं आहे. पातेल्यात चमचाभर तेल, एक चिरलेला कांदा, दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण आणि वर मटण. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परता. आधी पाणी सुटेल, मग आटत येईल. ते आटू द्या, घाई केली तर रश्श्याला कच्च्या मटणाचा वास राहतो. आता दोन लिटर कढत पाणी आणि मीठ दीड लहान चमचाच, कारण कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. आळणी कमी पडली तर हेच झाकणावरचं गरम पाणी आत. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वेळ वाढतो. कुकरमध्ये एक शिट्टी, मग बारीक आचेवर कोवळ्याला १५ आणि जुनाला २५ मिनिटं.

हळद आत्ता घालू नका. पांढऱ्या रश्श्याची आळणी आधी काढून घ्या, हळद नंतर मटणाला. मांस हाडापासून सुटायला लागलं पण बोटाने चिमटल्यावर अजून धागा धरतंय, तिथे थांबा. घरातल्या लहानग्याची वाटी याच टप्प्यावर बाजूला काढतात.

पांढरा

एक लिटर आळणी. दोन मोठे चमचे पांढरे तीळ, एक चमचा खसखस आणि दहा काजू अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, तमालपत्र आणि दोन हिरव्या मिरच्या तडतडल्या की वाटण घाला, पण रंग बदलू देऊ नका. मग आळणी, एक उकळी, आच मंद, आणि शेवटी एका नारळाचं घट्ट दूध. यानंतर उकळलं तर फुटतो आणि फुटलेला पांढरा सावरत नाही.

तांबडा आणि सुकं

दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून वाटा. खोबरं बदामी झालं की उतरवा, काळं पडलं तर सगळा रस्सा कडू. अर्धी वाटी तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. मग आच कमी करून तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला, अर्धं मिनिट. मसाला जळला तर ठसका लागतो, कच्चा राहिला तर घशाशी येतो. यातला तिसरा भाग काढून शिजलेल्या फोडी आणि हळद घालून सुकं करा. उरलेल्यात राहिलेली आळणी कढतच घाला, दहा मिनिटं उकळा. आळणी गार असेल तर वर तर्री येत नाही.

पंगतीत शाकाहारी पाहुणा असेल तर फोडी बाजूला करून रस्सा वाढायचा चावटपणा नको. आळणी म्हणजे मटणच. त्याचं पातेलं, पळी, तेल वेगळं आणि स्वयंपाक आधी उरकलेला. कुणी हलाल, कुणी झटका पाळतो. हे मटण आणायच्या आधी विचारायचं, ताट मांडल्यावर विचारून उपयोग नाही. श्रावण पाळणाऱ्याला आग्रह तर नकोच.

उरलेला तांबडा लहान डब्यात गार करून दोन दिवस फ्रिजमध्ये टिकतो. पुन्हा गरम करताना खळखळून उकळी यायला हवी. पांढऱ्याला ती सोसत नाही, म्हणून तो त्याच दिवशी संपवा. शिजलेली हाडं दारच्या कुत्र्याला घालू नका. त्यांच्या टोकदार चिपा होतात आणि घशात अडकतात. ओल्या कचऱ्यात बांधून द्या.