टक्कल पडू लागल्यावर पीआरपी: करून घेण्याआधी आणि घेताना

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट एकवटून डोक्याच्या त्वचेत टोचणे. पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर हा उपचार हल्ली सर्रास सुचवला जातो. मात्र त्याने केस नव्याने पेरले जात नाहीत, तर बारीक होत चाललेल्या, पण अजून जिवंत असलेल्या मुळांना जोर मिळावा एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे पहिले काम आरशासमोरचे आहे. कपाळाच्या कोपऱ्यांत किंवा भोवऱ्याभोवती विरळ का होईना केस दिसत असतील, तर विचार करण्यास हरकत नाही. तेथील त्वचा तुळतुळीत होऊन वर्षे लोटली असतील, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी केसगळती बहुधा आपोआप थांबते आणि चाईचा उपचार वेगळा असतो. शिवाय आनुवंशिक टकलाच्या मुळाशी असलेल्या डीएचटी या संप्रेरकाला पीआरपी अडवत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलला 1988 मध्ये आणि पुरुषांच्या टकलासाठी फिनास्टेराइडच्या गोळीला 1997 मध्ये मान्यता दिली. पीआरपीवरचे अभ्यास त्यामानाने लहान आहेत आणि प्लेटलेट तयार करण्याची रीत प्रत्येकात निराळी आहे. म्हणून या औषधांविषयी अवाक्षर न काढता थेट ‘सहा सिटिंगचे पॅकेज’ पुढे करणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रक्ततपासणी करावी. प्रौढांमध्ये प्लेटलेटची संख्या साधारणपणे प्रति मायक्रोलिटर दीड ते साडेचार लाख असते. ती फार कमी असेल, रक्तस्रावाचा विकार किंवा कर्करोग असेल, अथवा डोक्यावर जंतुसंसर्ग झाला असेल, तर पीआरपी टाळतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस आधीपासून बंद ठेवण्यास सांगतात, परंतु हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. त्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता आणि पोटभर खाऊन जावे. उपाशीपोटी रक्त देताना अनेकांना भोवळ येते.

खरे लक्ष नळीवर ठेवावे. साधारण 10 ते 30 मिलिलिटर रक्त, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. नळी बाहेर येते तेव्हा तळाशी गडद लाल पेशी, त्यावर पांढुरकी पातळ साय आणि वर पिवळसर प्लाझ्मा असे थर स्वच्छ दिसतात. प्लेटलेट त्या सायीलगत अधिक असतात, त्यामुळे वरवरचाच प्लाझ्मा ओढून टोचला तर फारसे काही हाती लागत नाही. नळीवर आपले नाव आहे ना, सुया व सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढल्या ना, हे विचारण्यात संकोच कसला? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर असाच प्लेटलेटचा उपचार घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे 2018 पासूनच्या तपासात उघड झाले.

सुमारे एकेक सेंटिमीटर अंतरावर थेंब-थेंब टोचतात. कपाळालगतच्या सुया सर्वांत झोंबतात, म्हणून तो भाग आधी बधिर करून घेता येतो. नंतर एक-दोन दिवस डोके ठणकते, क्वचित कपाळावर सूज उतरते. ठणका असह्य झाल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. ताप आला किंवा पू दिसला, तर मात्र लगेच दाखवावे.

बहुतेक ठिकाणी महिन्याच्या अंतराने तीन-चार सिटिंग आणि पुढे काही महिन्यांनी एकेक, असा क्रम ठेवतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा पंधरा दिवसांत आरशाशी भांडू नये. पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशी, कोरड्या केसांनिशी, एकाच खिडकीजवळ वरून आणि समोरून फोटो काढावेत, आणि तिसऱ्या व सहाव्या महिन्यात तेवढ्याच लांबीच्या केसांचे तसेच फोटो शेजारी ठेवून पाहावेत. सहाव्या महिन्यातही फरक दिसला नाही, तर पुढच्या सिटिंगचे पैसे भरू नयेत.