कावळा बसला म्हणून फांदी तुटली? ट्रेडिंगची पद्धत आकड्यांवर कशी तपासावी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या वजनाने मोडली असं कुणी म्हणत नाही. शेअर बाजारात मात्र हे रोज म्हटलं जातं. भावाच्या ५० दिवसांच्या सरासरीची रेघ २०० दिवसांच्या रेघेवर गेली, नंतर भाव चढला, चार्टवर अशा चार जागांना गोल काढले आणि पद्धत सिद्ध झाली. रेघ वर जाऊनही भाव पडला, त्या जागांना गोल काढायला कुणी थांबत नाही.

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड काउल्स यांनी ते राहिलेले गोलही मोजले. शेअर सुचवणाऱ्या १६ संस्थांच्या १९२८ ते १९३२ च्या मध्यापर्यंतच्या सुमारे ७,५०० शिफारशी त्यांनी तपासल्या आणि १९३३ मध्ये निकाल मांडला: या शिफारशींची कामगिरी सरासरी शेअरपेक्षा वर्षाला १.४३ टक्क्यांनी कमी. ज्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती, त्यांचं यशही नशिबाने मिळू शकेल इतपतच निघालं. अशी तपासणी आज स्प्रेडशीटमध्ये कुणालाही करता येते.

१. नियम आधी लिहून काढा

तुमचा कागद वाचून दुसऱ्या कुणी तीच आकडेवारी चालवली, तर सौद्यांची यादी तंतोतंत तीच निघाली पाहिजे. ‘ट्रेंड मजबूत वाटला की घ्या’ हा नियम नव्हे. ‘आजचा क्लोजिंग भाव मागच्या २० दिवसांतल्या सर्वोच्च भावाच्या वर गेला, तर उद्या बाजार उघडताना खरेदी आणि १० दिवसांनी विक्री’ हा नियम आहे. त्याखाली आणखी दोन ओळी लिहा: हा नियम का चालावा, आणि कोणता निकाल आला तर मी तो सोडून देईन. ही दुसरी ओळ आकडे पाहण्याआधीच लिहायची, कारण नंतर ती निकालाला साजेशीच लिहिली जाते.

२. आकडेवारी चाळून घ्या

आज निर्देशांकात असलेल्या कंपन्या घेऊन २० वर्षं मागे गेलात, तर मधल्या काळात बुडालेल्या कंपन्या हिशेबात येतच नाहीत. तगलेल्यांच्या यादीवर जवळपास कुठलाही खरेदीचा नियम चांगला दिसतो. भाव बोनस (फुकट मिळालेले शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) आणि लाभांशाची दुरुस्ती केलेलेच घ्या.

याहून फसवी चूक म्हणजे उद्याची माहिती आज वापरणं. माझ्या एका चाचणीत सिग्नल क्लोजिंग भावावरून निघत होता आणि खरेदीही त्याच भावाला धरली होती. प्रत्यक्षात तो भाव कळेपर्यंत बाजार बंद झालेला असतो. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या ओपनिंगला सरकवली आणि बहुतेक सगळा नफा नाहीसा झाला. तेव्हापासून निकाल फार देखणा आला की मी आधी तारखांचे रकाने तपासतो.

३. तुलना कशाशी, ते ठरवा

चढत्या बाजारात नुसता शेअर धरून बसणाऱ्यालाही नफा होतो. बाजार रोज सरासरी ०.०४ टक्के चढत असेल आणि तुमचा नियम ६० टक्के दिवस खरेदीत (म्हणजे शेअर हातात धरून) असेल, तर काहीही कौशल्य नसताना रोज सरासरी ०.०२४ टक्के पदरात पडतात. तुमची लढत शून्याशी नसून या आकड्याशी आहे.

४. टी-आकडा काढा

प्रत्येक सौद्याचा परतावा टक्क्यांत मांडा. त्यातून ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक) वजा करा, आणि तेवढ्या दिवसांत बाजार सरासरी जितका चढतो तेही वजा करा. उरलेल्या आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, स्प्रेडशीटमध्ये STDEV) काढा. प्रमाण विचलनाला सौद्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा आणि जे येईल त्याने सरासरीला भागा. हा टी-आकडा: सरासरी निव्वळ योगायोगाच्या चढउतारापेक्षा किती पट मोठी आहे, ते तो सांगतो.

समजा सौदे १००, सरासरी ०.४ टक्के, प्रमाण विचलन ३ टक्के. ३ भागिले १० म्हणजे ०.३, आणि ०.४ भागिले ०.३ म्हणजे १.३३. टी-आकडा साधारण २ च्या पुढे गेल्याशिवाय निकाल ग्राह्य धरत नाहीत, म्हणजे हा पुरावा अपुरा. हीच सरासरी टिकली तरी २ पर्यंत पोचायला २२५ सौदे लागतील. खर्च धरायचा राहिला होता असं लक्षात येऊन सरासरी ०.२ वर आली, तर ९००. वीस-पंचवीस सौद्यांवरून कुणी पद्धत शिकवत असेल तेव्हा हे गणित करून पाहा.

५. शिक्के पिसा

बाजारात अधूनमधून प्रचंड उसळ्या आणि घसरणी येतात, त्यामुळे एकट्या टी-आकड्यावर विसंबू नका. दुसरी चाचणी संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे. बाजाराचे रोजचे परतावे जागेवरच ठेवा. तुमच्या नियमाचे ‘खरेदीत’ आणि ‘बाहेर’ हे शिक्के मात्र पत्त्यांसारखे पिसून पुन्हा वाटा आणि नफा मोजा. असं १,००० वेळा करा. त्यातल्या ३० वेळा पिसलेल्या शिक्क्यांनी तुमच्याइतका किंवा जास्त नफा दिला, तर पी-मूल्य, म्हणजे इतका नफा नुसत्या योगायोगाने मिळण्याची शक्यता, सुमारे ०.०३. खरेदीचे दिवस सलग येत असतील, तर सुटे दिवस न पिसता सलग तुकडे पिसायचे.

६. प्रयत्न मोजा

सर्वांत जास्त फसगत इथे होते, आणि खरं तर याच पायरीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. निरुपयोगी असे २० स्वतंत्र नियम ५ टक्क्यांच्या कसोटीला (पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असेल तर पास) लावले, तर त्यातला किमान एक पास होण्याची शक्यता ६४ टक्के असते. आता सरासरीचे दिवस ५ पासून १०० पर्यंत बदलून पाहिले आणि प्रत्येकासोबत स्टॉपलॉसचे (किती तोटा झाला की विकायचं त्या मर्यादेचे) १० आकडे लावले, की झाले ९६० नियम. त्यातला पहिला आलेला नियम दाखवून उरलेले ९५९ विसरणं ही फसवणूक आहे, मग ती स्वतःचीच का असेना.

म्हणून वही ठेवा आणि फसलेला प्रत्येक प्रयत्नही तारखेसह लिहा. सोपी दुरुस्ती म्हणजे ०.०५ ला प्रयत्नांच्या संख्येने भागणं, ज्याला बॉन्फेरोनी दुरुस्ती म्हणतात. ९६० प्रयत्नांसाठी कसोटी जवळपास ०.००००५ होते. नियम एकमेकांसारखेच असतील तेव्हा ती गरजेपेक्षा कडक पडते. अशा वेळी दर पिसण्यात सगळे ९६० नियम चालवा, त्यातल्या सर्वोत्तमाचाच नफा टिपा, आणि तुमच्या विजेत्याची तुलना अशा विजेत्यांशी करा. या विचाराला अर्थतज्ज्ञ हॅल्बर्ट व्हाइट यांनी २००० मध्ये काटेकोर गणिती रूप दिलं. त्याआधी १९९९ मध्ये सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाच्या शंभर वर्षांच्या भावांवर जवळपास ८,००० तांत्रिक नियम तपासले. १९८६ पर्यंतच्या काळात सर्वोत्तम नियम या कडक कसोटीलाही उतरला. पुढच्या १० वर्षांत मात्र त्याचा टिकाव लागला नाही.

७. न पाहिलेला काळ राखून ठेवा

त्यासाठीच शेवटची काही वर्षं सुरुवातीलाच बाजूला काढा आणि शेवटी एकदाच उघडा. उघडून नियमात बदल केलात, तर ती वर्षं खर्ची पडली. मग नवे दिवस साठेपर्यंत कागदावरच सौदे करत थांबावं लागेल.

इथे पास झालेला नियमही पुढे पातळ होतो. मॅक्लीन आणि पॉन्टिफ या संशोधकांनी २०१६ मध्ये, जास्त परतावा देतात असं आधीच्या संशोधनातून पुढे आलेले ९७ नमुने (पॅटर्न) तपासले, तेव्हा मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर त्यांचा परतावा सरासरी २६ टक्क्यांनी आणि प्रसिद्धीनंतर ५८ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्यामुळे पैसे लावण्याआधी मी चाचणीतली, खर्च वजा करण्याआधीची सरासरी निम्मी धरतो. त्यातून खर्चही सुटत नसेल, तर तो नियम वहीतच राहतो.